कर्ती आणि लेखनिक

"आधी तू कोण आहेस ते सांग."

हा प्रश्न एखाद्या मठात एखाद्या साधुपुरुषाने विचारला असता, तर मी डोळे मिटून चार घटका विचार केला असता. पण तो मला विचारला संगणकाने. तोही रात्री अकरा वाजता, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, शेजारी मोड आणायला बांधून ठेवलेली मटकी असताना. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे भराभरा उमटली आणि त्यांचा अर्थ एवढाच निघत होता. मी घाबरून भाच्याला हाक मारली.

"अगं मावशी, तुझं नाव आणि ई-मेल मागतोय तो," भाचा म्हणाला. "बदल कोणी केला ते कळल्याशिवाय तो नोंदच करत नाही."

खरे सांगायचे तर मला हे आवडले. तेवीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवते आहे. या तेवीस वर्षांत मी सूचना लिहिल्या, अहवाल लिहिले, पाहुण्यांचे परिचय लिहिले आणि पाहुणे न आल्यास वाचायची दिलगिरीही लिहिली. ते सारे कोणाच्या ना कोणाच्या सहीने पुढे गेले. हे लिहिले कोणी, असे मला आजवर कोणी विचारले नव्हते. विचारले ते या यंत्राने.

या प्रश्नकर्त्याचे नाव 'गिट'. ज्यांच्या घरात संगणक शिकणारे मूल आहे त्यांच्या कानांवरून हा शब्द गेला असेल. माझ्याही गेला होता, आणि ती खाण्याची काहीतरी नवी वस्तू असावी अशी माझी समजूत होती. वास्तविक हा एक कारकून आहे. पुष्कळ माणसे मिळून एकच प्रोग्रॅम लिहीत असली, की कोणी, कधी, कुठली ओळ, कशासाठी बदलली याचा हिशेब तो ठेवतो. लिनस तोरवाल्ड्स नावाच्या मूळच्या फिनलंडमधल्या गृहस्थाने तो २००५ सालच्या एप्रिलमध्ये लिहिला. 'लिनक्स' हे त्याचे मोठे काम जगभरची माणसे मिळून करत होती, आणि त्या कामाचा हिशेब 'बिटकीपर' नावाच्या दुसऱ्याच्या प्रणालीत ठेवला जात होता. ती फुकट वापरण्याची सवलत गेली. तेव्हा याने बैठक मारली, आणि काही दिवसांतच गिट स्वतःतल्या बदलांची नोंद स्वतःच ठेवू लागले. इंग्लंडातल्या बोलीत 'गिट' म्हणजे तिरसट माणूस. आपण आपल्या वस्तूंना आपलेच नाव देतो, आधी लिनक्स आणि आता गिट, असा त्याचा यावरचा विनोद आहे. पहिल्या आठवड्यात तरी मला हे नाव फार समर्पक वाटले.

आता मराठीच्या मास्तरणीला या तिरसटाशी संसार करण्याची गरज काय, असे तुम्ही विचाराल. त्याला कारण एक अनुस्वार आणि एक अपराध. अनुस्वाराचे आधी सांगते.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या वार्षिक अंकांची एक लांबलचक रांग आहे. ते अंक यंत्राने वाचून संगणकात घातले, पण त्यात काही शोधायला जावे तर सापडेना. आजच्या मुलीने 'नाव' हा शब्द शोधला तर १९५० च्या अंकातले 'नांव' तिला दिसत नाही. 'काही' शोधले तर 'कांहीं' दिसत नाही. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम महाराष्ट्र शासनाने मान्य केले आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार मराठीच्या माथ्यावरून उतरले. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. आपल्याला 'पांच' आणि 'पाच' एकच वाटतात. संगणकाला ते दोन निराळे प्राणी. तेव्हा जुन्या अंकांचा मजकूर जसाच्या तसा ठेवून त्याची एक सूची नव्या लेखनात तयार करावी, असे ठरले. शिकण्यासाठी आमच्याकडे राहणारा माझा भाचा आणि वसतिगृहातला त्याचा मित्र, या दोघांनी पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहिला. कुठला अनुस्वार काढायचा आणि कुठला ठेवायचा याचे नियम एका वेगळ्या फाईलमध्ये, एका ओळीत एक, असे ठेवले. ती फाईल माझ्याकडे.

आणि माझ्याकडे म्हणजे अर्थात आमच्या बाईंकडे. बाईंनी मला एम. ए. ला शिकवले, २००३ साली त्या निवृत्त झाल्या, आज त्यांना ब्याऐंशी वर्षे पुरी आहेत. जुने लेखन ज्यांच्या हाडीमाशी मुरले आहे अशी माझ्या ओळखीत आता त्या एकट्याच. शिवाय त्या आमच्याच कॉलेजच्या विद्यार्थिनी. मी विचारल्याबरोबर त्यांनी हे काम घेतले, नातवाकडून मराठी टंकन शिकून घेतले आणि रोज सकाळी पूजा आटोपल्यावर तास दीड तास त्या अपवादांची यादी करू लागल्या. 'पांच'चा अनुस्वार जायचा, पण 'पांढरा'चा राहायचा. 'कांहीं'चे दोन्ही जायचे, पण 'कांदा'चा राहायचा. फाईल एका पेनड्राइव्हवर होती आणि तो पेनड्राइव्ह होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीतून त्यांच्या घरून माझ्या घरी आणि माझ्या घरून त्यांच्या घरी जात असे. ज्याच्या हाती डबी त्याने काम करायचे. आम्हाला ही पद्धत फार शिस्तीची वाटत होती.

२०२४ सालच्या जूनमध्ये डबी माझ्याकडे आली. त्याआधी मी माझ्या संगणकावर आमच्या त्याच फाईलमध्ये आणखी पंधरा-वीस नियम लिहून ठेवले होते. रात्री परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा संपवून, डोळ्यांवर झोप असताना, मी ती फाईल पेनड्राइव्हवर उतरवली. याच नावाची फाईल तेथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का, असे संगणकाने विचारले. मी 'हो' म्हटले.

बाईंची सहा आठवड्यांची यादी त्या एका 'हो'मध्ये गेली. तिची दुसरी प्रत नव्हती. भाच्याने काय काय करून पेनड्राइव्ह उलटापालटा करून पाहिला. काही तुटके शब्द हाती लागले, यादी लागली नाही.

बाई रागावल्या असत्या तर बरे झाले असते. मी फोनवर सांगितले तेव्हा क्षणभर पलीकडून काहीच आले नाही; मग त्या म्हणाल्या, "असू दे गं. माझ्या डोळ्यांना तेवढीच विश्रांती." पुढच्या महिन्यात गुरुपौर्णिमेला मी निघाले तर त्यांचा आपणहून फोन आला, "पाऊस फार आहे, कशाला येतेस?" पाऊस होता हे खरे. पण तो दर वर्षी असतो, आणि एम. ए. झाल्यापासून मी दर वर्षी जाते.

मी किती दिवस तोंड पाडून वावरत होते कोणास ठाऊक. एकदा भाकरी खाताखाता भाचा म्हणाला, "मावशी, पेनड्राइव्हवर असं कोणी काम करतं का? आम्ही आमचा सगळा कोड गिटमध्ये ठेवतो. कितीही जणांनी कितीही बदल केले तरी मागचं काही जात नाही."

"मग माझी फाईल का नाही ठेवलीस?"

तो भाकरीकडे पाहत म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला दोघींना नाही जमणार ते."

त्या रात्री मी संगणक उघडून बसले. तू कोण आहेस, हा प्रश्न आला तो त्या रात्री.

शिकायला बसल्यावर पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात आली, ती ही की फाईल 'सेव्ह' करणे वेगळे आणि नोंद करणे वेगळे. आम्ही परीक्षक उत्तरपत्रिका तपासतो, म्हणून गठ्ठा काही लगेच विद्यापीठात जात नाही. तपासून झालेले पेपर निवडून पाकिटात घालतो, मग पाकीट बंद करून त्यावर सही-शिक्का करतो, आणि मग ते पाठवतो. गिटचेही तसेच. केलेल्या बदलांतले कुठले नोंदवायचे ते आधी निवडायचे, याला 'ॲड' म्हणतात. मग शिक्का मारायचा, हे 'कमिट'. आणि मग सगळ्यांच्या सामाईक जागी पाठवायचे, हे 'पुश'. दुसऱ्यांनी पाठवलेले आपल्याकडे आणायचे ते 'पुल'. गंमत अशी की सामाईक जागा ही नुसती सोय आहे. प्रत्येकाच्या संगणकावर पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास असतो. एकाच्या घराला आग लागली तरी पोथी दुसऱ्याच्या घरी शाबूत. पेनड्राइव्हच्या डबीची मला फार लाज वाटली.

शिक्का मारताना दोन शब्द लिहावे लागतात. न लिहिले तर गिट शिक्का मारतच नाही. मी पहिल्या नोंदीला लिहिले, 'किरकोळ दुरुस्ती'. भाच्याने ते वाचून दाखवले, माझ्याच स्वरात, जसे मी वर्गात विद्यार्थ्यांचे निबंध वाचून दाखवते. "मावशी, काय बदललंस ते गिटला दिसतंच. का बदललंस ते लिही. सहा महिन्यांनी तुलाच विचारावंसं वाटेल." निबंधाच्या समासात 'का?' असे लाल शाईने लिहीत माझे आयुष्य चालले आहे. तो 'का?' आता माझ्या समासात आला.

प्रत्येक नोंदीला गिट चाळीस अक्षरांची एक खूण देते. ती मनात येईल तशी दिलेली नसते. त्या क्षणीचा सगळा मजकूर, नोंद करणाऱ्याचे नाव, वेळ, कारण आणि आधीच्या नोंदीची खूण, या सगळ्यांतून ती काढलेली असते. म्हणून मागच्या कुठल्या नोंदीत कोणी एक स्वल्पविराम जरी हळूच बदलला, तरी तिची खूण बदलते आणि तिच्यापुढच्या सगळ्यांच्या बदलतात. चोरी लपत नाही. आमच्या सोसायटीच्या जमाखर्चाला असली खूण असती तर किती बरे झाले असते, असे वाटून गेले. पण तो विषय वेगळा.

या तिरसटाने मला छळले नाही असे नाही. मी फाईलचे नाव मराठीत ठेवले होते. गिटने ते दाखवले ते असे: तिरकी रेघ तीनशे चाळीस, तिरकी रेघ दोनशे चव्वेचाळीस, आणि पुढे असेच आकडे. एक गोमटे मराठी नाव कैद्याच्या बिल्ल्यासारखे झाले. एक बारीकशी कळ फिरवली की नाव नीट दिसते, हे कळायला दोन दिवस गेले.

मग 'ब्लेम' झाले. एके दिवशी सूचीत 'पांढरा'चे 'पाढरा' झालेले दिसले. माझा संताप अनावर झाला. या मुलांना मराठी येत नाही, अनुस्वार म्हणजे यांना माशी बसल्यासारखा वाटतो, असे मी बरेच बोलले. भाचा शांतपणे म्हणाला, "थांब, विचारू." गिटला एक आज्ञा दिली की प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कोणी आणि केव्हा लिहिली ते येते. त्या आज्ञेचे नावच 'ब्लेम', म्हणजे दोष. त्या ओळीपुढे माझे नाव होते. वेळ रात्री अकरा वाजून बावन्न मिनिटे. 'पां'ने सुरू होणाऱ्या शब्दांचा अनुस्वार काढा, असे मी 'पांच'साठी सरसकट लिहून ठेवले होते. भाचा काही बोलला नाही. ही पिढी काही बोलत नाही, हा तिचा मोठा गुण आहे आणि तो फार झोंबतो.

गिटला सगळे समजते असेही समजू नका. एकदा मी 'नांव'चे 'नाव' करावे असा नियम लिहिला. त्याच दिवशी भाच्याच्या मित्राने, आपल्या परीने भाषेची सेवा म्हणून, दुसऱ्या फाईलमध्ये 'नाव' म्हणजे 'होडी' असा समानार्थी शब्द घातला. दोन वेगळ्या जागी दोन वेगळे बदल. गिटने ते बिनतक्रार एकत्र केले. दुसऱ्या दिवशी 'होडी' शोधले तर शिष्यवृत्ती मिळालेल्या साऱ्या विद्यार्थ्यांची यादी वर आली, कारण तिच्या माथ्यावर 'विद्यार्थ्याचें नांव' असे होते. ओळी जुळल्या म्हणजे अर्थ जुळला असे नाही. हे कोणीतरी वाचून पाहावेच लागते.

पण ज्या दिवसासाठी मी हे सारे शिकत होते तो दिवस सप्टेंबरात आला. मी दिवसभराचे काम नोंदवून सामाईक जागी पाठवायला गेले आणि गिटने ते परत पाठवले. त्याच्या इंग्रजीचा मराठी भावार्थ असा: तुझ्याजवळ नसलेले दुसऱ्याचे काम तिकडे आले आहे, आधी ते घेऊन ये. झाले होते एवढेच की भाच्याच्या मित्राने माझ्याआधी अर्धा तास आपले काम पाठवले होते. त्या दिवशी मी ती ओळ कितीतरी वेळ वाचत बसले. जूनमधल्या त्या रात्री त्या दुसऱ्या यंत्राने विचारले होते, 'हिच्या जागी ही ठेवू का?' हे यंत्र तसे विचारत नव्हते. ते म्हणत होते, आधी त्याचे वाच. जबरदस्तीने पाठवण्याचाही एक शब्द आहे म्हणे. भाच्याने तो मला शिकवला नाही आणि मीही विचारला नाही.

तेव्हाच केव्हातरी नोंदींचा तपशील चाळताना मला एक नवल दिसले. प्रत्येक नोंदीत दोन नावांना जागा होती. एक लिहिणाऱ्याचे आणि एक नोंद करणाऱ्याचे. माझ्या नोंदींत दोन्हीकडे मीच होते. भाच्याला विचारले तर तो म्हणाला, "लिनक्समध्ये लोक आपले बदल मेलनं पाठवतात आणि दुसराच कोणी ते तपासून आत घालतो. ज्याचं काम त्याचं नाव राहिलं पाहिजे ना? म्हणून दोन."

मी उठून उभी राहिले. कर्ता वेगळा आणि लेखनिक वेगळा! ज्ञानेश्वरी सांगितली ज्ञानेश्वरांनी आणि शके १२१२ मध्ये ती लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. बाबांचे नाव त्या ग्रंथाच्या अखेरीस आजही आहे, पण लेखनिक म्हणून. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते.

त्याच रविवारी मी संगणक पिशवीत घालून बाईंकडे गेले. न विचारता गेले. त्यांनी दार उघडले, माझ्याकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ये. पाऊस नाही आज."

मी काही प्रस्तावना केली नाही. पाच-दहा मिनिटांत त्यांना गिट सांगितले. मला ते समजायला तीन आठवडे लागले होते. बाई मधे एकदाच बोलल्या, "म्हणजे ज्या प्रतीवरून ही प्रत झाली, तिची खूण हिच्या अंगावरच असते?"

"हो."

"अरे वा! आमच्या सुकथनकरांना हे मिळायला हवं होतं."

भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. १९२५ पासून १९४३ मध्ये जाईपर्यंत विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. काश्मीरपासून केरळापर्यंतच्या पोथ्या समोर ठेवून, अक्षराअक्षराचे पाठभेद चौकटींच्या कागदांवर मांडून, कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरली असेल याचा माग काढण्यात या विद्वानांची आयुष्ये गेली. पोथ्या ते सांगत नाहीत. नकलणारा चुकला, की त्याच्या चुकीवरून त्याचे कूळ शोधायचे. बाईंनी ही शास्त्रे आम्हाला शिकवली होती, आणि परीक्षेपुरती आम्ही ती पाठही केली होती.

"आणि नाथांना?" मी म्हटले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यात पुढे कोणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले.

"नाथांनी पोथीला कुलूप घातलं," बाई हसल्या. जूननंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. "तुझा हा माणूस कुलूप घालत नाही. तो म्हणतो, घाला ओवी, पण नाव सांगून घाला. बस इथे. कुठून सुरुवात करायची?"

यादी आम्ही पुन्हा सुरू केली. त्या सांगणार, मी टंकणार. प्रत्येक नोंदीत कर्ती म्हणून त्यांचे नाव, नोंद करणारी म्हणून माझे. पहिली नोंद झाल्यावर मी त्यांना ती दोन्ही नावे पडद्यावर दाखवली. त्यांनी चष्मा सरसावून पाहिले आणि नुसते "हं" म्हटले. मग आत जाऊन चहाचे आधण ठेवले.

असे रविवार जात राहिले. सहा आठवड्यांचे काम परत यायला चार महिने लागले, आणि ते तसेच परत आले असेही मी म्हणणार नाही, बाई मधूनच थांबत आणि म्हणत, "इथे मी आणखी एक उदाहरण घातलं होतं." ते त्यांना आठवत नसे. मी खाली मान घालून वाट पाहत असे.

आणि मग तो 'घरांत' आला. जुन्या लेखनात सप्तमीच्या 'त'आधी अनुस्वार असे. एक घर असले तरी 'घरांत' आणि शंभर घरे असली तरी 'घरांत'. आजच्या लेखनात एका घराचे 'घरात' होते, अनेक घरांचे 'घरांत' राहते. भाच्याच्या मित्राने त्या नियमाच्या ओळीत सरसकट अनुस्वार काढायला सांगितले होते. बाईंनी तीच ओळ, ठेवा, अशी केली. दोघांचे बदल एकत्र करायला गेले तेव्हा गिट थांबले. या वेळी मात्र तेच ओळ, तोच शब्द, दोन मते. हा गुंता त्याने सोडवला नाही. त्याने फाईलमध्ये दोन्ही पाठ एकाखाली एक मांडले: वर सात बाण एका दिशेला, मधे समान-चिन्हांची सात जोडरेघांची ओळ, खाली सात बाण दुसऱ्या दिशेला. तुम्हीच ठरवा, म्हणून ते गप्प बसले.

"पाठभेद!" बाई म्हणाल्या. त्यांना झालेला आनंद मी काय सांगू. "एखादं वाक्य काढ बघू. वाक्यावाचून कसं ठरवायचं?"

मी जुन्या अंकांत 'घरांत' शोधले. आलेल्या वाक्यांतले एक १९६१-६२ च्या अंकातले होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या वर्षीच्या अंकात विद्यार्थ्यांचे पुरावरचे पुष्कळ लेख आहेत. मी वाक्य वाचून दाखवले. पाणी ओसरल्यावर घरांत गुडघाभर चिखल होता, अशा अर्थाचे होते.

"एकवचन," मी म्हटले. "लेखिका स्वतःच्या घराबद्दल सांगते आहे. मागचं वाक्यही तिच्या आईबद्दल आहे. अनुस्वार काढायला हरकत नाही."

बाई काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "लेखाखाली नाव काय आहे?"

मी खाली गेले आणि नाव वाचले. पहिले नाव बाईंचे होते. आडनाव मला अपरिचित होते.

"माहेरचं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षाला होते मी. आमच्या घरात नाही गं पाणी आलं. आमचं घर उंचावर होतं. माझ्या दोन मैत्रिणी नदीकडच्या. आईनं मला पोळ्यांचा डबा देऊन पाठवलं होतं, तो घेऊन मी दोघींच्या दारात उभी राहिले. घरं होती ती. दोन." त्यांनी दोन बोटे वर केली आणि बराच वेळ ती तशीच राहू दिली. "तू अनुस्वार काढलास की ते माझं घर होईल."

मी सात बाणांच्या त्या दोन ओळींकडे पाहत होते. शेवटी ठरले ते असे की सूचीत दोन्ही रूपे ठेवायची. 'घरात' शोधले तरी ते वाक्य सापडावे आणि 'घरांत' शोधले तरी. भाच्याला फोन करून विचारले. तो म्हणाला, चार ओळींचं काम आहे, आजीचं नाव घालून पाठवून द्या. तो बाईंना आता आजी म्हणतो.

मी बाण पुसले, नवा नियम लिहिला, आणि नोंदीचे कारण लिहिण्यासाठी थांबले. बाईंनी सांगितले, मी टंकले: 'दोन्ही रूपे ठेवावीत. एक की अनेक ते वाक्यावरून कळतेच असे नाही, लिहिणाऱ्याला विचारावे.'

"आणि कर्ती म्हणून ते अंकातलं नाव घालता येईल का?" त्यांनी विचारले. "या एका नोंदीपुरतं."

घालता येते. तिथे काय लिहावे याला गिटची काहीच हरकत नसते. मी आडनाव टंकू लागले आणि मधेच थांबले. अंकात त्या आडनावातल्या एका अक्षरावर अनुस्वार होता, उच्चार न होणारा. मी बाईंकडे पाहिले.

"तो राहू दे," बाई म्हणाल्या.